मवाबच्या राजाची सोयरीक

आमच्या अव्वादने आपल्या बोकडाचं नाव अम्री ठेवलं होतं. अम्री म्हणजे इस्राएलचा तो जुना राजा, ज्याने आमच्या या मुलखाला, तेव्हाच्या मवाबला, कित्येक वर्षं टाचेखाली ठेवलं. रोज सकाळी अव्वाद त्या बोकडाला कान धरून गोठ्याबाहेर काढायचा आणि म्हणायचा, "चल अम्री, तुझे दिवस भरले." बोकडाला इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. तो सरळ माझ्या दोरीवरचे कपडे खायला यायचा.

मी विदाद. अव्वाद माझा चुलतभाऊ. आमच्या दोन घरांना एकच अंगण आणि एकच अंजिराचं झाड. त्यामुळे त्याची गोष्ट सांगायचा पहिला हक्क माझा. ज्यांना वाटतं की मी वाढवून सांगते, त्यांनी खुशाल आपापल्या घरी बसावं.

आमचं रुजैम धीबानच्या रस्त्यावर. गावामागे टेकडी आहे आणि टेकडीच्या पोटात मवाबच्या राजांचं काहीबाही पुरलेलं आहे. दर उन्हाळ्यात डॉक्टर योर्गेन डेन्मार्कहून येतात, दोन दिवसांत नाक लालबुंद करून घेतात आणि अर्धं गाव त्यांच्या खोदकामावर जातं. अव्वाद मिसरूड फुटायच्या आधी तिथे मातीच्या टोपल्या वाहायला गेला, आणि केस पिकायला लागले तेव्हा तिथला पहिला कुदळवाला झालेला होता. हिवाळ्यात तो गहू पेरायचा, मेंढ्या राखायचा, आजारी आईचं सगळं करायचा. पण विचारा कोणालाही, तो जगायचा उन्हाळ्यात.

जुन्या राजांबद्दल तो असा बोलायचा की जणू कालच त्यांच्याकडे जेवून आलाय. एकदा हमरस्त्यावर पोलिसाने पिकअप अडवून विचारलं, "कुठला रे तू?" हा छाती काढून म्हणाला, "मवाबचा!" पोलिसाने हे गाव काही ऐकलेलं नव्हतं. त्याने गाडीतली चाऱ्याची पोती एकेक करून उतरवली आणि तपासली. तेव्हापासून सगळे त्याला मवाबचा राजा म्हणायला लागले, आणि त्यालाही ते आवडायचं.

मवाबच्या मेशा राजाचा काळा दगड धीबानलाच सापडला होता. दीडशे वर्षं होऊन गेली त्याला. आमच्याच लोकांनी तो तापवला, वर गार पाणी ओतून फोडला, आणि तुकडे शेवटी पॅरिसला गेले. अव्वाद म्हणायचा, "बघ विदाद, आपल्या राजाला व्हिसासुद्धा लागला नाही." त्या दगडावर मेशाने कोरून ठेवलंय की मी इस्राएलला धूळ चारली. इस्राएलवाल्यांच्या जुन्या ग्रंथात लिहिलंय की आम्ही मवाबला झोडपून काढलं, मग आपले घरी परतलो. डॉक्टर म्हणतात, दोघं एकाच लढाईबद्दल बोलतायत की नाही कोण जाणे. पण एक गोष्ट नक्की, हरलो असं कोणीच लिहिलेलं नाही.

आता हाजी मिफ्लेह. आमच्या आणि हुरैथा गावाच्या मधे एक कोरडी दरी आहे. पलीकडे त्यांचीही एक टेकडी आहे, तिच्यावरही पडक्या भिंती आहेत, आणि एक खोल पाण्याचं टाकं. त्या टेकडीला अजून कोणी कुदळ लावलेली नव्हती. पण लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या मिफ्लेहने ठरवून टाकलं होतं की मेशा राजाचं घर त्यांच्याच टेकडीवर होतं. अव्वादने ठरवलं होतं की ते आमच्या. झालं! दुकानात गाठ पडली की भांडण. लग्नात शेजारी बसले की भांडण. एकदा तर मयतीत, कबरीवर माती लोटता लोटता हळू आवाजात भांडण. संध्याकाळी दोघं दरीच्या दोन काठांवर उभे राहून ओरडायचे. मोबाईल आले तेव्हा दोघांचे घसे वाचले एवढंच.

"टाकं बघ, टाकं!" मिफ्लेह म्हणायचा. "राजाला पाणी नको?"

"भिंत बघ, भिंत!" अव्वाद म्हणायचा. "राजाला भिंत नको?"

मग दोघं डॉक्टरांना मधे ओढायचे. डॉक्टर चष्मा पुसायचे, दोन्ही टेकड्यांकडे बघायचे आणि त्यांच्या त्या अडखळत्या अरबीत म्हणायचे, "शक्य आहे." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून याहून ठाम असं काही ऐकलेलं नाही. माणूस मात्र सोन्यासारखा आहे.

आणि या मिफ्लेहला एक बहीण होती, नौफा.

नौफा माझ्याबरोबर खापऱ्या धुवायला यायची. अंजिराच्या सावलीत आम्ही बायका पाण्याच्या टबाभोवती बसतो, ब्रशने खापऱ्या घासतो आणि दोन्ही गावांतल्या माणसांनाही घासून काढतो. नौफा चाळिशी ओलांडलेली. लग्न झालं नव्हतं, कारण आधी वडील आजारी, मग आई, मग मिफ्लेहची बायको वारली आणि त्याची पोरं हिने वाढवली. पोरं मोठी होऊन जर्का शहरात गेली. पण बाई रडकी नव्हती हो! तिच्या हसण्याने टबातलं पाणी हलायचं.

खोदकामाचा नियम असा की प्रत्येक खड्ड्याची बादली वेगळी, तिच्यावर चिठ्ठी, आणि एका बादलीतलं दुसरीत गेलं तर डॉक्टरांसारखा गरीब माणूससुद्धा डोक्यावर हात मारून घेतो. बादल्या उचलून आणायच्या त्या टोपलीवाल्यांनी. कुदळवाला कधी बादली आणत नाही, त्याचा मान असतो. पण त्या उन्हाळ्यात, अव्वादची आई जाऊन वर्ष झाल्यावर, आमचा मवाबचा राजा स्वतः बादली घेऊन खाली यायला लागला. आणि ती नेमकी नौफापुढे ठेवायला लागला.

मी आंधळी नाही. माझ्या बादलीत वर मातीचे गोळे. नौफाच्या बादलीत सगळ्यात वर रंगीत पट्ट्याची खापरी, नाहीतर भांड्याचा सुरेख वळलेला कान, नाहीतर मडक्याचा अख्खा गळा. नियम मोडला नव्हता पठ्ठ्याने! त्याच बादलीतलं होतं सगळं. फक्त त्यातलं देखणं काय ते निवडून तिच्यासाठी वर ठेवलेलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा बाईच्या फुटक्या मडक्यावर हा आपली प्रेमपत्रं धाडत होता.

 नौफा ती खापरी धुवून वाळवणाच्या जाळीवर अगदी कडेला ठेवायची, जिथून अव्वाद जेवायला जाताना जायचा. तो जायचा, बघायचा, आणि एकदा बघता बघता टबात पाय घालून बसला.

"राजेसाहेब," मी म्हटलं, "टाकं इथे नाही, हुरैथाला आहे."

बायका अशा हसल्या की वरून डॉक्टर धावत आले. त्यांना वाटलं काहीतरी सापडलं.

मी नौफाला सरळ विचारलं. तीही सरळ म्हणाली, "मला तो हवाय, विदाद. पण मिफ्लेहला रडवून मी घर सोडणार नाही. त्याने हसत दिलं तर जाईन. नाही तर नाही."

आणि इकडे मिफ्लेहचा निरोप आला. मागणी घालायला या, तुमचं स्वागत आहे. पण अव्वादने सगळ्यांसमोर म्हणायचं की राजाचं घर हुरैथाच्या टेकडीवर होतं. आमच्या घराण्यातले वडीलधारे अबू सत्ताम, वय झालेलं पण आवाज तोफेचा, अव्वादला म्हणाले, "तसं बोललास तर रुजैममध्ये तोंड दाखवू नकोस. आम्ही युक्तीने घेऊ. तू तिथे बसायचं आणि गप्प राहायचं. जमेल?"

"जमेल," अव्वाद म्हणाला. अम्रीसुद्धा त्याच्याकडे संशयाने बघत होता.

मागणी घालायला जाणाऱ्या मंडळींना आमच्याकडे जाहा म्हणतात. जितकी माणसं वजनदार, तितका मुलीचा मान. म्हणून अबू सत्ताम, गावचे मुख्तार, शाळेचे हेडमास्तर, आणि कोट घातलेले, घामाने थबथबलेले डॉक्टर योर्गेन, असे सगळे शुक्रवारी दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर गाड्या भरून हुरैथाला गेले. मी सकाळपासून तिथेच होते. कुठल्या बाजूची म्हणून, ते विचारू नका. मी स्वयंपाकघराच्या बाजूची. बैठकीत उघडणाऱ्या खिडकीला जाळीचा पडदा होता आणि त्यामागे मी आणि नौफा गालाला गाल लावून उभ्या होतो.

जाहाचा रिवाज सगळ्यांना ठाऊक असतो. यजमान कडू कॉफीचा पहिला पेला जाहाच्या प्रमुखाला देतो. प्रमुख तो पीत नाही, समोर ठेवतो आणि म्हणतो, आमचं मागणं पुरं केल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. मग भाषणं होतात, मुलगी दिली जाते, यजमान म्हणतो प्या आता, आणि प्रमुख पितो. तोवर त्या पेल्याला कोणी बोटसुद्धा लावत नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मिफ्लेहने डाव्या हातात पितळी किटली धरून उजव्या हाताने पेला दिला. अबू सत्तामनी तो समोरच्या चौरंगावर ठेवला आणि भाषण सुरू केलं. आदमपासून सुरू केलं. नूहच्या नावेपर्यंत आले तेव्हा मुख्तार पेंगत होते. शेवटी एकदाचे नौफापर्यंत पोचले.

"तुमचं मागणं आमच्या डोक्यावर," मिफ्लेह मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "फक्त एक छोटीशी गोष्ट. राजाचं घर कुठे होतं?"

"हाजी, राजे गेले, घरं गेली," अबू सत्ताम लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. "उरली माणुसकी."

"माणुसकी आहेच. टाकंही आहे. मेशाने दगडावर कोरून ठेवलंय की मी टाकी खणायला लावली. टाकं कुणाकडे आहे? आमच्याकडे."

मी अव्वादकडे बघत होते. तो अबू सत्तामच्या शेजारीच मांडी घालून बसला होता. ओठ घट्ट मिटलेले, कान लाल, मान फुगलेली. नौफा पुटपुटली, "बोलू नको, बोलू नको, बोलू नको."

"अहो, ती टाकी घरोघरी खणायला सांगितली होती!" अव्वाद ओरडला. "घरोघरी! राजाने लोकांना सांगितलं, ज्याने त्याने आपल्या घरात टाकं खणा! टाकं म्हणजे राजवाडा असेल तर हुरैथाची प्रत्येक कोंबडी राजकन्या आहे!"

"माझ्या कोंबड्यांना मधे आणू नकोस!"

"टाक्याला तुम्ही मधे आणलंत! आणि भिंतीचं काय? बोला ना, भिंतीचं काय?" ओरडून ओरडून त्याच्या घशाला कोरड पडली. खोदकामावर घसा सुकला की हात बाजूला जातो आणि तिथे चहा असतो, अशी इतक्या वर्षांची सवय. हात बाजूला गेला. तिथे पेला होता. मवाबच्या राजाने तो उचलला, एका घोटात रिकामा केला आणि परत चौरंगावर ठेवला.

सगळ्या बैठकीच्या माना त्या पेल्याकडे वळल्या. मुख्तार जागे झाले.

"प्यायला," मिफ्लेह म्हणाला.

अव्वादने पेल्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पण अबू सत्ताम उगाच नाहीत आमचे वडीलधारे. ते गुडघ्यावर थाप मारून गरजले, "प्यायला! म्हणजे मागणी मान्य झाली! मान्य झाल्याशिवाय कॉफी कोण पितं? मबरूक, मंडळी, मबरूक!"

"कसली मबरूक? मी दिल्याशिवाय प्यायलात, म्हणजे मागणी सोडलीत! नुसते पाहुणे म्हणून आलात. या, बसा, खरबूज खा आणि घरी जा."

"पेला रिकामा आहे, म्हणजे दिली!"

"पेला रिकामा आहे, म्हणजे सोडली!"

दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. हेडमास्तर त्यांना खाली बसवायला स्वतः गादीवर चढले. कोणीतरी ओरडलं, "पेल्याला हात लावू नका! आहे तसा, आहे तिथे राहू द्या! डॉक्टरांना बघू द्या!" आणि सगळे डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर," अबू सत्ताम म्हणाले, "रिकामी भांडी वाचण्यात तुमचा जन्म गेला. सांगा, हे भांडं काय म्हणतंय?"

बिचारे डॉक्टर. त्यांनी चष्मा पुसला. गुडघ्यांवर रांगत चौरंगापर्यंत गेले. पेल्यात एका बाजूने डोकावले, मग दुसऱ्या बाजूने. सगळी बैठक श्वास रोखून वाकली.

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले, "शक्य आहे."

मी तोंडात ओढणी कोंबली. तरी हसू आवरेना. पण नौफा हसत नव्हती. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तेव्हा माझंही हसू थांबलं. ही सोयरीक आज तुटली तर पुन्हा कोणी जाहा घेऊन येणार नाही, हे तिला कळत होतं.

अव्वाद उभा राहिला. त्याने खिडकीकडे पाहिलं. जाळीतून त्याला काही दिसलं नसणार, तरी पाहिलं.

"हाजी मिफ्लेह," तो म्हणाला, "राजाचं घर हुरैथाच्या टेकडीवर होतं."

आमच्या बाजूच्या माणसांनी तौबा तौबा करत कानाला हात लावले. अबू सत्तामनी डोळे मिटून घेतले. सगळे वाट बघत होते की आता मिफ्लेह उडी मारणार. पण मिफ्लेह हसला नाही. उलट मिशीवरचा हात खाली आला.

"खरंच म्हणतोस?"

"खरंच."

"आणि टाकं?"

"राजाचंच टाकं."

"आणि तुमच्या टेकडीवरची ती जाड भिंत?"

अव्वादने मान खाली घातली. "मेंढ्यांचा वाडा असेल."

"मेंढ्यांचा वाडा?" मिफ्लेह ताडकन उठला. "अरे, अक्कल विकून खाल्लीस का? दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद भिंत मेंढ्यांना? एवढे घडीव दगड? कोपरे बघितलेस त्याचे? मूर्खा, ती राजवाड्याची भिंत..."

आणि तो थांबला. हवेत हात तसाच राहिला.

आधी हेडमास्तर फुटले. मग मुख्तार. मग दोन्ही गावं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसायला लागली, अबू सत्तामची पगडी सुटली, आणि डॉक्टर शेजाऱ्याला विचारत होते, काय झालं, काय झालं. मी तर खिडकीखाली बसूनच गेले.

फक्त मिफ्लेह हसत नव्हता. तो मटकन खाली बसला. "हसा," तो म्हणाला. "पण हा हरला तर मी कुणाशी भांडू? ही जाणार. हा गप्प होणार. पोरं जर्काला. संध्याकाळी मी दरीवर उभा राहून कोणाला ओरडू? घरात मी आणि कोंबड्या." सुभेदाराचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

माझ्या मनगटावरचा हात सुटला. मी वर पाहिलं तर नौफा नव्हती. ती ताजी किटली घेऊन पुरुषांच्या बैठकीत गेली होती. अशा वेळी कुठलीही नवरी जात नाही. ती सरळ भावापुढे बसली आणि तिने त्याचा पेला भरला.

"मिफ्लेह, धीबान ओलांडून जातेय का मी? दरी ओलांडून जातेय. दर शुक्रवारी येईन आणि याला घेऊन येईन. हा भांडेल. मी मटण-भाताचं मन्सफ करीन."

"हा? हा तर हरला ना आत्ता."

"ते आजपुरतं, हाजी," अव्वाद घाईघाईने म्हणाला. "अल्लाची शपथ, आजपुरतं. उद्या सकाळपासून राजाचं घर परत आमच्याकडे."

मिफ्लेहने नाक पुसलं. "तुझ्या बापाच्या स्वप्नात." मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि त्याच्या मिशीखाली हसू यायला लागलं. त्याने किटली घेतली, तोच पेला पुन्हा भरला आणि अबू सत्तामपुढे धरला.

"प्या."

"आधी बोला," अबू सत्ताम म्हणाले. "एकदा फसलोय."

"दिली, बाबा, दिली! प्या!"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी जीभ वळवून आनंदाची अशी किलकारी ठोकली की परसातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. सोयरीक पक्की करणारी फातिहा वाचली गेली. डॉक्टरांनी भावनेच्या भरात चुकून अबू सत्तामच्या डोक्याचा मुका घेतला, आणि तो चालून गेला.

लग्नात अम्री कापायचा ठरला होता, पण ऐन वेळी अव्वादचा धीर झाला नाही. म्हणाला, "राजा आहे तो, शत्रू असला म्हणून काय झालं." मग दुसरा बोकड आणला. अम्री अजून माझे कपडे खातो.

आता तुम्ही रुजैमला विचारलंत तर सांगतील, आमच्या अव्वादने कॉफी पिऊन मुलगी जिंकली आणि मिफ्लेहकडून भिंत कबूल करून घेतली. हुरैथाला विचारलंत तर सांगतील, मिफ्लेहने भर जाहात रुजैमच्या राजाला हार मानायला लावली आणि मग मोठ्या मनाने बहीण दिली. मला विचारू नका. माझ्या बाजूला अजून मन्सफच्या भांड्यांचा ढीग आहे.

यंदा डॉक्टरांनी हुरैथाच्या टेकडीवर पहिल्यांदा एक छोटा खड्डा घेतला. कुदळ अव्वादची. राजाचं घर काही निघालं नाही. एक चूल निघाली, मागाची मातीची वजनं निघाली, आणि काळं पडलेलं एक मडकं. मिफ्लेह नाचला. "राणीचं स्वयंपाकघर!" तो ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, "शक्य आहे."

दर शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर जाते, कारण हे चुकवणं पाप आहे. मिफ्लेह दोन पेले भरतो, एक अव्वादपुढे ठेवतो, एक स्वतःपुढे. अव्वाद म्हणतो, "राजाचं घर आमच्याकडे होतं असं म्हणाल तेव्हाच पिईन." मिफ्लेह म्हणतो, "मग मीही पीत नाही." आणि दोघं सुरू होतात. टाकं, भिंत, टाकं, भिंत. खिडकीतून दोन्ही टेकड्या दिसतात आणि पेल्यांवरची वाफ हळूहळू कमी होत जाते.

मग नौफा आतून हात पुसत येते, दोघांच्या मधे बसते, आणि कॉफी गार व्हायच्या आत दोन्ही पेले पिऊन टाकते.